डाव्या कोपऱ्यातून मैदानाच्या कडेला

इराण २७, भारत २४. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धेतला महिला कबड्डीचा अंतिम सामना या गुणांवर संपला. महिलांची कबड्डी या स्पर्धेत आली २०१० साली, आणि तेव्हापासून सुवर्णपदक आपल्याकडेच होतं. ते पहिल्यांदा गेलं. मध्यंतराला आपल्या मुली १३-११ अशा पुढे होत्या. उत्तरार्ध सुरू झाला, इराणने लोण दिला, म्हणजे आपला अख्खा संघ बाद केला, आणि तिथून सामना निसटत गेला. आदल्याच दिवशी आपले पुरुषही इराणकडूनच उपांत्य सामन्यात २७-१८ असे हरले होते. ज्या खेळाचे नियम आपल्याकडेच कागदावर आले, त्या खेळात दोन दिवसांत दोन्ही सुवर्णपदकं गेली.

इराणच्या मुलींच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसल्या होत्या नाशिकच्या शैलजा जैन. वय साठीपुढचं. मूळच्या नागपूरच्या, तिथेच कबड्डी खेळत वाढलेल्या, आणि नोकरीची बहुतेक वर्षं नाशिकमध्ये मुलींना शिकवण्यात गेलेली. राज्याच्या क्रीडा खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या इराणला गेल्या, आणि जकार्ताच्या आधी जेमतेम दीड वर्ष त्यांच्या हाताखाली तो संघ होता.

‘आपल्याच बाईने आपल्याला हरवलं’ असं तेव्हा बरेच लोक म्हणाले. मी नाशिकच्या सिडकोत संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवते, त्यामुळे पालकांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला हा प्रश्न विचारला, की यात आनंद मानायचा की दुःख? माझं उत्तर तेव्हाही एकच होतं आणि आजही आहे. भारत हरला याचं दुःख आहे. पण खेळाडूचा प्रशिक्षक होणं म्हणजे काय असतं, हे आपल्या शहराला आणि राज्याला त्या सामन्याने जेवढं स्वच्छ दाखवलं तेवढं दुसऱ्या कशानेच दाखवलं नव्हतं. मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

आपल्याकडे असं धरून चालतात की चांगला खेळाडू म्हातारा झाला की त्याचा प्रशिक्षक होतो. पंचविशी-तिशीत गुडघा गेला, लग्न झालं, नोकरीत बढती झाली, की मग ‘आता पोरांना शिकव’. जणू तो त्याच रस्त्याचा पुढचा थांबा आहे. तसं नसतं. खेळताना तुमचं शरीर तुमच्या वतीने निर्णय घेत असतं. पकड कधी मारायची हे डोक्याला कळायच्या आत हात गेलेले असतात. प्रशिक्षकाला हे शरीर उपयोगाचं नाही. त्याला दुसऱ्याच्या शरीरात काय चाललं आहे ते बाहेर बसून ओळखायचं असतं, आणि ते त्या दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगायचं असतं. हा वेगळा पेशा आहे. तो शिकावा लागतो.

एक उदाहरण देते. मी डाव्या कोपऱ्याला खेळायचे. कबड्डीत बचावाला सात जणी उभ्या असतात, दोन टोकांना दोन कोपरारक्षक, आणि संघाचा निम्मा जीव त्या दोघींच्या हातात असतो. कोपरारक्षकाचं मुख्य हत्यार घोटा पकड. चढाईला आलेली मुलगी बोनस घ्यायला जाते तो क्षण बघा. बचावात सहा किंवा सात जणी असतील तरच बोनस मिळतो, आणि त्यासाठी तिने एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकायचा आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे त्या घटकेला तिचा सगळा भार पुढच्या एका पायावर असतो. तोच पाय कोपऱ्याच्या समोर असतो. तेव्हाच जायचं. आधी गेलात तर ती पाय मागे घेते आणि तुम्हाला हात लावून निघून जाते. उशिरा गेलात तर दुसरा पाय टेकलेला असतो आणि ती तुम्हाला ओढत मध्यरेषेपर्यंत नेते.

मी हे खेळत होते तेव्हा मला यातलं काहीही सांगता आलं नसतं. मला फक्त ‘आता’ एवढंच कळायचं. माझ्याकडे एक मुलगी आली, नाव सांगत नाही, वडील अंबडच्या कारखान्यात कामाला. उंच, चपळ, पण घोटा धरायला गेली की दर वेळी चढाईवालीच्या छातीकडे बघायची. ‘वेळ चुकते’ असं सांगून उपयोग नव्हता, कारण ती काय बघते हेच चुकत होतं. मग मी तिला मॅटवर उकिडवं बसवलं आणि सांगितलं, पकड मारायचीच नाही. समोरून मुली चढाई करतील, तू फक्त मोठ्याने बोलायचं, कोणता पाय जड आहे. ‘डावा, उजवा, उजवा, डावा.’ रोज सराव संपताना थोडा वेळ एवढंच. काही आठवड्यांनी तिचे डोळे आपोआप खाली गेले. मग कंबर खाली ठेवायची, डोकं चढाईवालीच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं, नाहीतर गुडघा कानशिलात बसतो. दोन्ही हातांची कडी घोट्यामागे, आणि ओढ आपल्याकडे आणि वर. मध्यरक्षकाने तेवढ्यात ब्लॉक घेऊन यायचं. हे सगळं मिळून एक सेकंदसुद्धा नसतं.

जिल्हा स्पर्धेत तिने पहिल्यांदा सामन्यात घोटा धरला तेव्हा मला झालेला आनंद माझ्या स्वतःच्या कुठल्याही पकडीचा झाला नव्हता.

शैलजा जैन इराणला गेल्या तेव्हा त्यांच्यासमोर याच्या कितीतरी पट अवघड काम होतं. इराण कुस्तीचा देश आहे. तिथल्या मुलींकडे ताकद आहे, धिप्पाड बांधा आहे, पण बालपणापासून गल्लीत हुतूतू खेळण्याची ती सवय नाही जी आपल्या मुलींच्या अंगात असते. भाषा वेगळी. त्या स्वतः शाकाहारी, आणि देश तसा नाही. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. हे वाचून अनेकांना नवल वाटलं, मला नाही. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची असते आणि तेवढा वेळ एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं असतं. दम तुटला की चढाई संपली, चढाई करणारी बाद. श्वासावर काम करणं हे या खेळात शोभेचं काम नाही, तो चढाईचा पाया आहे. कुस्तीच्या देशातल्या संघाला ताकद शिकवायची गरज नव्हती, दम आणि पदलालित्य शिकवायची होती. कुणाला काय कमी पडतं हे ओळखणं हे प्रशिक्षकाचं पहिलं काम, आणि ते त्यांनी नेमकं केलं.

इराणच्या मुली पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हिजाब घालून खेळतात. पकड हातापायांची किंवा धडाची असावी लागते, कपडे धरून ओढणं नियमात बसत नाही. त्यामुळे तिथे अंगावर कापड जास्त असलं तरी पकडीला त्याचा फायदा घेता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे सुटतं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा इराणमध्येच, गोरगान शहरात झाली. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. तरी इराणच्या महिला अंतिम फेरीत पोचल्या नाहीत. अंतिम सामना भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात झाला, आणि आपल्या अभिलाषा म्हात्रेच्या नेतृत्वाखाली भारताने तो ४२-२० असा जिंकला. म्हणजे जकार्ताच्या नऊ महिने आधी जैन मॅडमचा संघ घरच्या अंगणात अंतिम फेरीच्या बाहेर होता. अशा पराभवानंतर बहुतेक संघटना प्रशिक्षक बदलतात. इराणने बदलला नाही. त्या नऊ महिन्यांत काय घडलं असेल याचा मी खूप विचार करते. खेळाडू नऊ महिन्यांत नवीन शरीर आणत नाहीत. बदलते ती नजर, एकमेकींवरचा भरवसा, आणि १३-११ असं मागे असताना घाबरायचं नाही ही सवय.

भारतीय महिला संघाचं प्रशिक्षकपद आपल्याला कधी मिळालं नाही, हे जैन मॅडमनी जकार्तानंतर उघडपणे सांगितलं. आपण प्रशिक्षक म्हणून काय आहोत हे सिद्ध करायचं होतं, म्हणून परदेशात गेलो, असंही. मला त्यात कुठलाही देशद्रोह दिसत नाही. ज्याला जे येतं ते करायला जागा हवी असते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात फुटबॉलचा एक त्यांचा स्वतःचा प्रकार आहे, तिथे त्याला ‘फुटी’ म्हणतात. चेंडू अंडाकृती, मैदान क्रिकेटचंच, एका बाजूला अठरा खेळाडू, आणि चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा. गोलाला सहा गुण. या खेळात रॉन बरासी नावाचा माणूस दंतकथा झाला. मेलबर्न क्लबकडून खेळताना १९५५ ते १९६४ या काळात त्याने सहा विजेतेपदं मिळवली. तो मेलबर्नचा जीव होता. आणि १९६५ साली तो उठून कार्लटन या प्रतिस्पर्धी क्लबकडे गेला, कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही म्हणून. मेलबर्नच्या चाहत्यांना तो घाव फार लागला.

१९७० च्या अंतिम सामन्यात मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १ लाख २१ हजार ६९६ लोक बसले होते. कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड. मध्यंतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे. म्हणजे सातहून जास्त गोलांची पिछाडी. तिथल्या कुणालाही विचारलं असतं तर सामना संपला असंच सांगितलं असतं. बरासीने मध्यंतरात आपल्या खेळाडूंना सांगितलं, चेंडू हातात ठेवू नका, लांब लाथ मारत बसू नका, मिळाला की ठोसून पुढच्याला द्या आणि पळत राहा. आणि टेड हॉपकिन्स नावाचा राखीव खेळाडू मैदानात सोडला. हॉपकिन्सने चार गोल केले, कार्लटनने तो सामना दहा गुणांनी जिंकला. खेळाडू म्हणून बरासी स्वतः मैदानात असता तर कदाचित एकट्याने दोन गोल केले असते. बाहेर बसून त्याने सगळ्या संघाचा खेळ बदलला. पुढे त्याने नॉर्थ मेलबर्नलाही १९७५ आणि १९७७ मध्ये विजेतेपद दिलं. २०२३ च्या सप्टेंबरात तो गेला, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन.

आपल्याकडच्या वाचकाला हे जवळचं वाटावं म्हणून चंद्रकांत पंडित आठवा. मुंबईचा यष्टिरक्षक, भारताकडून खेळलेला. खेळाडू म्हणून शेवटच्या काळात मध्य प्रदेशाचा कर्णधार झाला आणि १९९९ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना हरला. त्यानंतर तो प्रशिक्षक झाला. २०१८ आणि २०१९ मध्ये त्याने विदर्भाला लागोपाठ रणजी करंडक मिळवून दिला. आणि २०२२ च्या जूनमध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने रणजी जिंकली, ती मुंबईला हरवून. मुंबईच्या माणसाने मुंबईला हरवलं तेव्हा कुणी त्याला परका म्हटलं नाही. चंदू सरांचं कौतुकच झालं. मग हाच न्याय शैलजा जैन यांना का लागू होऊ नये? त्या बाई आहेत आणि खेळ कबड्डी आहे, याखेरीज मला दुसरं कारण दिसत नाही.

बरासीच्या गोष्टीत माझं मन आणखी एका कारणाने अडकतं. २०२४ च्या डिसेंबरात त्याच मेलबर्न शहरात प्रो कबड्डी लीगने प्रदर्शनी सामने भरवले, आणि तिथे निवृत्त फुटी खेळाडूंचा एक संघ कबड्डी खेळायला उतरला. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गावात जिल्हा स्पर्धा असली तर आमच्या मुलींना एसटीचं भाडं जमवताना घाम फुटतो, आणि तिकडे आपला खेळ समुद्रापार गेला आहे. तिथल्या खेळाडूंच्या अंगात धडक आहे, खांदा आहे. त्यांना कबड्डी शिकवायची तर पकडीपासून सुरुवात करता येईल, पण ‘कबड्डी कबड्डी’चा दम आणि चढाईत ओलांडावी लागते त्या निदान रेषेवरची नजर कुणीतरी शिकवावीच लागेल. ते शिकवणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. सांगली, रत्नागिरी, मुंबईच्या परळ-लालबागमध्ये, पुण्यात, आमच्या नाशिकमध्ये आहेत.

आता थोडं कोरडं पण महत्त्वाचं. कबड्डीत खेळाडूचा प्रशिक्षक होण्याचा रस्ता कसा असतो?

मुलगी शाळेत असते तेव्हा किशोरी गट, मग कुमारी गट, मग खुला गट. किशोरी गटाला पंचावन्न किलो आणि कुमारी गटाला पासष्ट किलो अशी वजनाची मर्यादा असते, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री उपाशी झोपणाऱ्या मुली मी दर हंगामात बघते आणि त्यांना ओरडते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्या आशेने पालक पाठवतात. चांगली खेळली तर पोलीस, रेल्वे, बँक, एखादी कंपनी यांच्या संघात जागा मिळते, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. हे सगळं खेळायच्या वयापुरतं. पंचविशीच्या पुढे तिला कुणी विचारत नाही.

प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ पासूनची. खेळाडूंच्या तोंडी तिचं नाव एनआयएस. तिथला वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम असतो, आणि सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रमही असतो. शरीरशास्त्र, दुखापती, सरावाचं नियोजन, मानसशास्त्र हे तिथे शिकवतात. त्यानंतर क्रीडा मार्गदर्शक म्हणून सरकारी नोकरी मिळू शकते, पण जागा थोड्या. बाकीच्या जणी माझ्यासारख्या. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर क्रीडाशिक्षिका होते. त्या शाळेने एका वर्षी मानधन उन्हाळ्याच्या सुटीनंतर दिलं, तेही अर्धं. संध्याकाळचं शिकवणं तर फुकटच असतं. मुलींच्या घरचे कधी तांदूळ देतात, कधी शेतातली द्राक्षं. मी घेते. तक्रार म्हणून सांगत नाही. पण जिच्या हाताखालून राज्याचे खेळाडू निघतात, तिला तिच्या कामाचा पगार मिळायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

मातीवरून मॅटवर कबड्डी आली, त्याने प्रशिक्षकाचं काम आणखी बदललं. आम्ही अनवाणी खेळलो. मातीत पाय रुततो, वळायला अर्धा क्षण जास्त लागतो. मॅटवर बूट घालून चढाईवाली गिरकी घेते तेव्हा जुना कोपरारक्षक तिथेच उभा राहतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि टीव्हीवर बघून मुली गिरक्या शिकू लागल्या. प्रशिक्षकांना स्वतःचं सगळं शिकलेलं पुन्हा तपासून बघावं लागलं. जी मंडळी ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणत बसली त्यांच्या मुली जिल्ह्याबाहेर गेल्या नाहीत. अनुप कुमारसारखा खेळाडू, ज्याने भारताला आणि लीगमधल्या यू मुंबाला कर्णधार म्हणून जिंकवलं, निवृत्त झाल्यावर लगेच पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. त्याच्यापुढेही प्रश्न तोच, की जे मला दिसतं ते समोरच्या पोराला कसं दाखवू. मैदानाबाहेरून प्रशिक्षकाला वेळ मागून घेता येतो तो नियमाप्रमाणे एका डावात दोनदा, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचा. त्या अर्ध्या मिनिटात एकच गोष्ट सांगता येते. दोन सांगायला गेलात तर मुली एकही घेऊन जात नाहीत.

आणि मैदानावर नसतानाचं प्रशिक्षण? ते सगळ्यात मोठं. घरात भांडण झालं म्हणून सरावाला आली नाही, पाळीच्या दिवसांत सांगायला लाजते, मोठी बहीण लग्नाला आली म्हणून हिचाही खेळ बंद करायचा चाललंय. मुलींच्या प्रशिक्षकाला या घरांमध्ये जाऊन बसावं लागतं, चहा प्यावा लागतो. नाशिकच्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवलेल्या बाईला हे सगळं पाठ असणारच. तेहरान असो नाहीतर पंचवटी, मुलगी घरून परवानगी घेऊनच मैदानावर येते. इराणच्या मुलींनी एका परक्या साठीच्या बाईवर विश्वास टाकला, त्यामागे हे असणार, अशी माझी खात्री आहे.

जकार्तानंतर भारतीय महिलांनी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ च्या ऑक्टोबरात, सुवर्ण परत मिळवलं. चायनीज तैपेईला २६-२५ असं, एका गुणाने. पुरुषांनीही इराणला हरवून सुवर्ण आणलं, आणि त्या पुरुष संघात आमच्या आडगावचा आकाश शिंदे होता. नाशिकला तेव्हा मिरवणूक निघावी असाच आनंद झाला. पण मला लक्षात राहिला तो एका गुणाचा फरक. २०१० च्या अंतिम सामन्यात आपण थायलंडला दुप्पट गुणांनी हरवलं होतं. आता तैपेई एका गुणावर येऊन ठेपली आहे, इराण आपल्याला हरवून मोकळा झाला आहे. खेळाडू आपल्याकडे अजूनही सगळ्यात जास्त आहेत. बाकीच्या देशांनी प्रशिक्षणावर पैसा आणि विश्वास टाकला, आणि अंतर कमी केलं. त्यासाठी त्यांनी आपलीच माणसं नेली, कारण ती आपल्याकडे घरी बसलेली होती.

सुनील डबास यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत आणि २०१२ च्या पाटण्याच्या विश्वचषकात भारतीय महिलांना प्रशिक्षण दिलं आणि त्याच वर्षी त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्या विश्वचषक संघातल्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले होते. फार चांगलं केलं. पण त्या तिघींना लहानपणी ज्यांनी पहिल्यांदा निदान रेषा दाखवली, त्या प्रशिक्षकांची नावं तुम्हाला आठवतात का? मलाही पटकन सांगता येत नाहीत, आणि मी याच क्षेत्रात आहे.

म्हणून दोन विनंत्या. पहिली राज्याच्या क्रीडा खात्याला आणि कबड्डी संघटनेला. राज्याकडून खेळलेल्या प्रत्येक मुलीला खेळत असतानाच, तिच्या पंचविशीच्या आत, एनआयएसचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम सरकारी खर्चाने करू द्या. निवृत्त झाल्यावर नको, तोवर ती संसारात अडकलेली असते. दुसरी विनंती नाशिकमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणींना, ज्यांनी गुडघ्याला पट्टी बांधून खेळणं सोडलं आणि परत मैदानाकडे फिरकल्या नाहीत. सिडको, सातपूर, देवळाली, सिन्नर, जिथे असाल तिथल्या महापालिकेच्या किंवा गावच्या मैदानावर संध्याकाळी साडेपाचला या. मुली असतातच. शिकवणारी कमी पडते आहे.